चेनसॉचं पेट्रोल-ऑइल मिश्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टू-स्ट्रोक चेनसॉ हातात आली की पहिला प्रश्न हाच पडतो: पेट्रोलमध्ये ऑइल किती? चार जणांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतात, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो. ५०:१ की ४०:१ हा वाद जितका रंगतो, तितकी मशीनं त्यामुळे बिघडत नाहीत. ती बिघडतात अंदाजाने ओतलेल्या ऑइलने, शिळ्या पेट्रोलने आणि चुकून उचललेल्या कॅनने. म्हणून खाली आकड्यांबरोबर या गोष्टींवरही बराच वेळ घालवला आहे.

एका वाक्यात सांगा, किती घालू?

मशीनच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच. पुस्तिका हरवली असेल तर इंधनाच्या झाकणावर किंवा त्याच्या शेजारी बघा, बऱ्याचदा तिथे आकडा असतो. तिथेही नसेल, आणि मशीन अलीकडच्या काळातलं व नावाजलेल्या कंपनीचं असेल, तर चांगल्या प्रतीचं टू-स्ट्रोक ऑइल ५०:१ प्रमाणात घाला, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलि. मशीन खूप जुनं असेल किंवा कोणी बनवलंय याचा पत्ताच नसेल, तर २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलि. जास्त ऑइलने मशीन घाण होतं, ते साफ करता येतं. कमी ऑइलने पिस्टन जातो.

५०:१ म्हणजे नक्की काय? मिलिलिटरमध्ये कसं मोजायचं?

पन्नास भाग पेट्रोल, एक भाग ऑइल. काही पुस्तिकांत हेच उलटं, १:५० असं लिहिलेलं असतं, काहींत २ टक्के. तिन्हींचा अर्थ एकच. हिशोब सोपा आहे: १००० ला पहिल्या आकड्याने भागा, एका लिटरला किती मिलि ते मिळतं.

५०:१ – १ लिटरला २० मिलि, ५ लिटरला १०० मिलि
४०:१ – १ लिटरला २५ मिलि, ५ लिटरला १२५ मिलि
३३:१ – १ लिटरला ३० मिलि, ५ लिटरला १५० मिलि
३२:१ – १ लिटरला साधारण ३१ मिलि, ५ लिटरला १५६ मिलि
२५:१ – १ लिटरला ४० मिलि, ५ लिटरला २०० मिलि

‘५ लिटर पेट्रोलात १०० मिलि, की ऑइल धरून एकूण ५ लिटर?’ असंही विचारतात. पेट्रोल ५ लिटर, त्यावर ऑइल वेगळं. पण उलटं धरलंत तरी फरक जेमतेम २ मिलिचा पडतो, तेवढं तर मापाच्या काठालाच चिकटून राहतं.

एका मापाच्या ऑइलच्या बाटल्या मिळतात, त्यावर ‘१ गॅलनसाठी’ लिहिलेलं असतं. ती ५ लिटरला ओतू का?

नको. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे ५०:१ साठी सुमारे ७६ मिलि ऑइल. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणजे सुमारे ९१ मिलि. अमेरिकी गॅलनची बाटली ५ लिटर पेट्रोलात रिकामी केलीत तर प्रमाण जवळपास ६६:१ होतं. बाटलीवरचं मिलि वाचा, गॅलन विसरा.

मुळात पेट्रोलमध्ये ऑइल कशासाठी? गाडीसारखी वेगळी टाकी का नाही?

गाडीच्या इंजिनात खाली ऑइल साठलेलं असतं आणि पंप ते सगळीकडे फिरवतो. चेनसॉ उभी, आडवी, उलटी, कशीही धरून चालवावी लागते, खाली साठवलेलं ऑइल तिथे टिकणार कुठे? शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलाचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, शिरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. मग त्याच वाटेने ऑइल पाठवलं की काम झालं. क्रँककेसच्या उष्णतेत पेट्रोलाची वाफ होते आणि ऑइलचे बारीक थेंब क्रँकच्या बेअरिंगांवर, कनेक्टिंग रॉडच्या टोकांवर, सिलिंडरच्या भिंतीवर बसतात. काम संपलं की उरलेलं ऑइल पेट्रोलाबरोबर जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

पूर्ण रेसवर, चेन मोकळी फिरत असताना, मधल्या आकाराची चेनसॉ मिनिटाला १२ ते १४ हजार फेरे घेते. सेकंदाला दोनशेहून जास्त. एवढ्या वेगात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये फक्त तो तेलाचा पापुद्रा असतो.

यातून एक गोष्ट निघते जी फार कमी लोकांच्या लक्षात येते: ऑइल पेट्रोलाबरोबरच येतं, म्हणून जिथे पेट्रोल कमी पडतं तिथे ऑइलही कमी पडतं. कार्बोरेटर कमी पेट्रोल सोडत असेल, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल किंवा क्रँककेसच्या सीलमधून बाहेरची हवा आत खेचली जात असेल, तर कॅनमध्ये मिश्रण कितीही काटेकोर असलं तरी इंजिन कोरडं चालतं.

कंपन्यांचे आकडे वेगवेगळे का?

कारण आकडा फक्त मशीनचा नसतो, मशीन आणि ऑइल या जोडीचा असतो. हुस्कवार्नाच्या पुस्तिकांत त्यांच्या ऑइलसाठी ५०:१ आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीच्या इतर ऑइलसाठी ३३:१ असं लिहिलेलं आढळतं. स्टील (Stihl) कंपनीच्या जुन्या पुस्तिकांत स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि इतर कंपन्यांच्या ऑइलला २५:१ होतं. यात आपला डबा विकायचा हेतू नसेल असं कोण म्हणेल? पण तर्कही आहे. स्वतःच्या ऑइलची त्यांना खात्री असते, तुम्ही बाहेरून काय आणाल ते त्यांना माहीत नसतं, म्हणून ते जास्त ओतायला सांगतात.

काळाचाही फरक आहे. जुन्या चेनसॉच्या माहितीपत्रकांत १६:१ दिसतं. तेव्हा टू-स्ट्रोकसाठी वेगळं असं ऑइल फारसं नव्हतं, साधं खनिज तेल ओतत असत, आणि ते तग धरत नसल्याने भरपूर लागायचं. आज त्याच जुन्या मशीनमध्ये चांगलं ऑइल घातलं तर १६:१ ची गरज नाही, २५:१ किंवा ३२:१ पुरतं. फक्त प्रमाण बदललं की कार्बोरेटर पुन्हा जुळवून घ्यायचा. का, ते पुढच्या उत्तरात.

ऑइल थोडं जास्तच घातलं तर मशीन जास्त टिकेल, नाही का?

थोडं जास्त, म्हणजे ५० ऐवजी ४०, याने काही बिघडत नाही. जास्त राबवलं जाणारं मशीन असेल तर मी स्वतः ४०:१ च वापरतो. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे खरं नाही.

कार्बोरेटरच्या भोकातून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं. ५०:१ वरून २५:१ वर गेलात तर त्याच भोकातून जाणारं पेट्रोल सुमारे २ टक्क्यांनी घटतं, शिवाय मिश्रण दाट झाल्याने ते सावकाश वाहतं. म्हणजे ऑइल वाढवल्याने हवेच्या मानाने पेट्रोल कमी होतं. मेकॅनिक याला मिश्रण ‘लीन’ झालं म्हणतात. लीन इंजिन जास्त तापतं. काळजीपोटी ऑइल वाढवलं आणि इंजिन उलट तापायला लागलं, असा हा उफराटा प्रकार आहे. म्हणून प्रमाणात मोठा बदल केला की कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू (पूर्ण रेसवर पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) थोडा सैल करून पूर्ण रेसचा वेग पुस्तिकेतल्या मर्यादेत आहे ना हे टॅकोमीटरने, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्राने, बघावं लागतं.

बाकीचा त्रास ठरलेलाच: निळसर धूर, काळा ओला प्लग, सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बनचा थर आणि ठिणग्या अडवणारी जाळी तुंबून मशीनची ताकद गेलेली. ताकद गेली म्हणून मशीन घेऊन आलेल्यांनी आधी ती जाळी काढून बघावी. निम्म्या वेळा तिथेच उत्तर असतं.

ऑइलच्या डब्यावर काय बघायचं?

किंमत नाही, रंग नाही, डब्यावरचं करवतीचं चित्र तर मुळीच नाही. ‘जासो’ हा जपानी दर्जा बघा. त्याचे वर्ग एफबी, एफसी, एफडी असे चढत जातात. एफसीपासून धूर कमी होतो, एफडीमध्ये त्याशिवाय जास्त उष्णतेतही पिस्टन स्वच्छ राहतो. आयएसओचे ईजीबी, ईजीसी, ईजीडी हे साधारण त्यांच्याच जोडीचे. चेनसॉसाठी एफडी किंवा ईजीडी घ्या आणि विषय संपवा.

रंगाबद्दल एवढंच की निळा, हिरवा, लाल हा रंग केवळ मिसळलेलं पेट्रोल ओळखता यावं म्हणून असतो. रंगावरून प्रत कळत नाही, प्रमाणही कळत नाही.

घरात पडलेलं गाडीचं इंजिन ऑइल चालेल? किंवा बोटीच्या मोटरचं टू-स्ट्रोक ऑइल?

गाडीचं नाही. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यातली रसायनं जळून राख उरते, ती प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते, आणि ते पेट्रोलात नीट विरघळतही नाही.

बोटीच्या ऑइलवर लोक जास्त फसतात, कारण डब्यावर ‘टू-स्ट्रोक’ लिहिलेलं असतं. त्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असं लिहिलंय का बघा. हे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. चेनसॉ हवेने थंड होते, तिचं सिलिंडर बरंच जास्त तापतं. त्या उष्णतेसाठी हे ऑइल नाही.

टू-स्ट्रोक स्कूटर किंवा मोटरसायकलचं ऑइल एफसी किंवा एफडी दर्जाचं असेल तर अडीनडीला हरकत नाही.

मिसळायची योग्य पद्धत कोणती?

मिश्रण कधीही चेनसॉच्या टाकीत करू नका. टाकी लहान असते, ऑइल तळाशी बसतं, आणि पहिल्या मिनिटाला इंजिनाला निव्वळ ऑइल तर नंतर निव्वळ पेट्रोल मिळतं.

पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या, जमिनीवर ठेवा, त्यात आधी निम्मं पेट्रोल घाला. ऑइल मापाने मोजून ओता. मापाचा ग्लास चालतो, लहान प्रमाणासाठी सुई काढलेली मोठी सिरिंज त्याहून बरी. झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. झाकण उघडताना सावकाश, आत दाब तयार झालेला असतो. काही दिवस ठेवलेला कॅन वापरण्याआधी पुन्हा हलवायचा, ही सवयच लावून घ्या.

टाकी भरताना इंजिन बंद आणि थोडं निवलेलं असावं. भरून झाल्यावर सांडलेलं पुसा आणि मशीन भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर नेऊनच चालू करा. गरम सायलेन्सर आणि पेट्रोलाची वाफ यांच्याशी धिटाई दाखवू नये.

पेट्रोल कोणतं घ्यावं? इथेनॉलचा खरंच त्रास होतो का?

ऑक्टेन बहुतेक पुस्तिकांत किमान ९० च्या आसपास मागतात, त्यामुळे साधं बिनशिशाचं पेट्रोल पुरतं. महाग, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलाने चेनसॉला पंख फुटत नाहीत.

इथेनॉलचं दुखणं मात्र खरं आहे. बहुतेक चेनसॉ कंपन्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ई१० पर्यंत परवानगी देतात, त्यापुढे नाही. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पुरेसं पाणी शोषलं गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तयार होतो आणि तळाशी बसतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलाच्या थरात राहतं. आणि चेनसॉच्या टाकीतला फिल्टर असतो कुठे? तळाशी. म्हणजे इंजिन नेमका तोच थर ओढतं ज्यात ऑइल जवळजवळ नाही. ५०:१ काटेकोर मोजलेलं असूनही पिस्टनवर ओरखडे. याशिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे इथेनॉलने ताठरतात किंवा फुगतात.

इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर तेच घ्या. तयार मिसळलेलं अल्किलेट इंधन (जास्त शुद्ध, इथेनॉल नसलेलं पेट्रोल) मिळत असेल आणि मशीन वर्षातून चार-पाच दिवसच चालत असेल, तर ते महाग असूनही शेवटी स्वस्त पडतं.

मिसळलेलं पेट्रोल किती दिवस टिकतं?

साध्या पेट्रोलाचं मिश्रण एक महिना. कॅन घट्ट बंद आणि सावलीत असेल तर थोडं पुढेही जाईल, पण त्या भरवशावर राहू नका. महिन्याभरात संपेल एवढंच बनवा. वर्षाचं एकदाच बनवून ठेवायचं म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

मशीन महिनाभराहून जास्त ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं मिश्रण संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू द्या. शिळं मिश्रण गटारात किंवा मातीत ओतू नका. जिथे वापरलेलं ऑइल आणि घातक कचरा गोळा करतात तिथे द्या.

कॅनमध्ये ऑइल घातलं होतं की नाही, आठवत नाही. कसं ओळखू?

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, शेजारी साध्या पेट्रोलाचा एक थेंब. आगीपासून लांब, उघड्यावर वाळू द्या. पेट्रोल उडून जातं, ऑइल असेल तर तेलकट डाग मागे राहतो. पण यावरून ऑइल आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. तेव्हा डाग दिसला तरी शंका उरली असेल तर ते मिश्रण वापरू नका. दोन लिटर पेट्रोल पिस्टनपेक्षा नेहमीच स्वस्त.

ऑइल न घातलेलं पेट्रोल भरून मशीन चालवलं! आता?

हे माझ्या हातून झालंय. दोन सारखेच लाल कॅन, एकात मिश्रण, एकात साधं पेट्रोल, आणि घाई. मशीन उत्तम चालू झालं, थोडं जास्तच फुरफुरत होतं, आणि तिसऱ्या कापाला आवाज चढत गेला आणि एकदम थांबलं. दोरी ओढली तर हलेना. तेव्हापासून मिश्रणाच्या कॅनवर जाड अक्षरात प्रमाण आणि बनवल्याची तारीख लिहितो.

लक्षात आल्याक्षणी इंजिन बंद करा, ‘हा काप पूर्ण करून थांबतो’ असं नाही. टाकी रिकामी करा. थंड झाल्यावर सायलेन्सर काढा. बहुतेक मशीनांत दोन-तीन बोल्टच असतात. त्या तोंडातून पिस्टन दिसतो, दोरी हळू ओढून तो वर-खाली करून बघा. पिस्टनची बाजू गुळगुळीत असेल तर नशीब थोर: योग्य मिश्रण भरा आणि पहिली टाकी सांभाळून चालवा. उभे ओरखडे, खरवडल्यासारखा राखाडी पृष्ठभाग किंवा खाचेत चिकटून बसलेली रिंग दिसली तर ते चालू करून बघण्याचा मोह आवरा आणि मेकॅनिककडे न्या.

मिश्रण चुकलं हे कळलं, फेकून द्यायचं का?

ताजं असेल तर हिशोबाने सुधारता येतं. समजा २ लिटर पेट्रोलात ८० मिलि ऑइल गेलं, म्हणजे २५:१ झालं, आणि हवं होतं ५०:१. ८० मिलि ऑइलला ४ लिटर पेट्रोल लागतं, तेव्हा आणखी २ लिटर घाला. उलट, ५ लिटरला १०० ऐवजी ६० मिलिच घातलं असेल तर ४० मिलि वाढवा. मूळ आकडे नक्की आठवत असतील तरच ही कसरत करा.

नवीन मशीनला सुरुवातीला जास्त ऑइल घालावं का?

जुन्या मशीनांना असं सांगत असत. आताच्या पुस्तिकांत बहुधा पहिल्या थेंबापासून तेच प्रमाण असतं. त्याऐवजी पहिल्या काही टाक्या चेन मोकळी असताना पूर्ण रेसवर लांबवर ताणू नका.

माझ्या मशीनचा कार्बोरेटर आपोआप जुळवून घेतो. मग प्रमाणाकडे दुर्लक्ष चालेल?

नाही. ऑटोट्यून किंवा एम-ट्रॉनिकसारखी यंत्रणा हवा आणि पेट्रोल यांचा मेळ घालते. पेट्रोलात ऑइल आहे की नाही हे तिला कळत नाही. उंचीवर गेल्यावर हवा विरळ होते, तेव्हाही बदलायचा तो कार्बोरेटर, ऑइलचं प्रमाण नाही.

चेनचं ऑइल यातच मिसळायचं का?

नाही, ते वेगळं, त्याची टाकी वेगळी. ते चिकट असतं, चेनवरून उडून जाऊ नये म्हणून, आणि जळण्यासाठी नसतं. झाकणांवर खुणा असतात: पेट्रोल पंपाचं चित्र असलेलं इंधनाचं, थेंब आणि चेनचं चित्र असलेलं चेन ऑइलचं. चुकून चेन ऑइल इंधनाच्या टाकीत गेलं तर इंजिन चालू न करता टाकी रिकामी करा, ताज्या मिश्रणाने दोनदा खळबळून घ्या आणि फिल्टर बदला. उलटं झालं तर चेन आणि बार कोरडे घासतात. तीही टाकी तशीच साफ करायची.

चेनसॉ, ब्रश कटर, फवारणीचा पंप: सगळ्यांना एकच कॅन चालेल?

एक मशीन ५०:१ आणि दुसरं ४०:१ मागत असेल तर दोघांना ४०:१ द्या, काही तक्रार येणार नाही. पण एक ५०:१ आणि एक २५:१ असेल तर दोन कॅन ठेवा, वेगळ्या रंगांचे.

आणि ब्रश कटर फोर-स्ट्रोक तर नाही ना, हे आधी तपासा. ज्याला ऑइल भरायचं स्वतंत्र तोंड आणि पातळी बघायची सोय असते, त्याला साधं पेट्रोल लागतं, मिश्रण नाही. अपवाद स्टीलच्या ४-मिक्स इंजिनांचा: ती फोर-स्ट्रोक असूनही मिश्रणावरच चालतात, कारण त्यांना वेगळी ऑइलची टाकी नसते. तिथे साधं पेट्रोल भरलंत तर वर सांगितलेली माझीच गोष्ट तुमच्याकडे घडेल.